जुन्या किल्ल्या बाद होतील

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी मी एकाच गाडीसाठी दोनदा गेलो. सकाळी नवऱ्याने बोलावलं म्हणून आणि दुपारी बायकोने.

हॅलोरन हार्बरमध्ये कुलूप-किल्लीचं काम करणारे आता आम्ही दोघंच उरलोय, आणि दुसरा गाड्यांच्या वाटेला जात नाही. त्यामुळे तळ्याच्या या काठाला कोणाची गाडीची किल्ली हरवली की फोन मलाच येतो. 'रेइनो लाहतेला, किल्लीवाला' असं व्हॅनवर लिहिलंय. त्यातलं आडनाव अर्ध्या गावाला धड म्हणता येत नाही, पण किल्लीवाला सगळ्यांना कळतं.

माझ्या वडिलांच्या काळी गाडीची किल्ली म्हणजे पितळेची पट्टी. कानस घेऊन बसलं की काम झालं. आता किल्लीच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते, आणि गाडी त्या चिपला ओळखते. पातं कितीही बरोबर कापा, दार उघडेल, किल्ली फिरेल, पण चिप ओळखीची नसेल तर इंजिन दोन सेकंद घुरघुरतं आणि गप्प होतं. तेव्हा किल्ली कापायची आणि मग मशीन लावून गाडीशी तिची ओळख करून द्यायची, असं माझं काम. यात वाईट काही घडू शकतं असं चौतीस वर्षांत माझ्या मनात आलं नव्हतं.

त्या दिवशी उणे एकोणतीस होतं. रात्री चार बोटं बर्फ पडला होता. गाडी वृद्धाश्रमाच्या मागच्या आवारात, शेवटच्या रांगेत होती. इंजिन गोठू नये म्हणून लावलेल्या हीटरच्या वायरी सगळ्या गाड्यांच्या नाकातून लोंबत विजेच्या खांबांपर्यंत गेल्या होत्या. लाल जाकीट घातलेला एक उंचापुरा माणूस दोन्ही हातांत कॉफीचे पेले घेऊन उभा होता.

"किल्लीवाले ना? घ्या, आधी कॉफी घ्या. या थंडीत तुमची बोटं गळून पडली तर किल्ली कोण करणार?"

आजवर कामावर कोणी माझ्यासाठी कॉफी घेऊन उभं राहिलं नव्हतं. मी घेतली. त्याने न मागताच खिशातून लायसन्स आणि गाडीचा कागद काढला. दोन्हीवर एकच नाव, डॅरिल कोस्टिउक. फोटोही त्याचाच.

"एकही किल्ली नाही का तुमच्याकडे? असली तर काम दहा मिनिटांचं. नसली तर गाडीची सगळी आठवण पुसून नव्याने करावं लागतं."

"नाही हो. एक गेल्या वर्षी मासे धरताना बर्फाच्या भोकात गेली, माशाने गिळली असेल. आणि दुसरी काल बायकोने हरवली. डोकं धडाला चिकटलेलं आहे म्हणून, नाहीतर तेही कुठेतरी ठेवून आली असती."

मी हसलो. हसलो होतो, हे सांगितलंच पाहिजे.

दाराच्या फटीत पाचर घातली, सळई आत सरकवली, दार उघडलं. भोंगा वाजायला लागला तो बंद केला. हे करताना माझी कोपरं गाडीच्या टपाला लागत होती, आणि टपावर बर्फाचा कणही नव्हता. शेजारच्या दोन गाड्या पांढऱ्या गोधड्या पांघरल्यासारख्या, आणि ही स्वच्छ झाडलेली. किल्ली काल हरवली असती तर गाडी रात्रभर इथेच असती. हे माझ्या लक्षात आलं. नुसतं दिसलं नाही, लक्षात आलं. पण हात गारठले होते, माणूस गोड बोलत होता, कागद बरोबर होते. झाडला असेल कोणीतरी, असं मी मनाला सांगितलं आणि स्टीअरिंगखाली मशीन जोडायला वाकलो.

तेवढ्यात त्याने डिकी उघडली. मान वर करून पाहिलं तर तो नुसता उभा होता, आत बघत. मला दोन पिशव्या, एक उशी आणि लहान मुलाची बर्फातली विजार दिसली. बऱ्याच वेळाने त्याने डिकी हळूच लावली, झोपलेलं मूल उठू नये तशी.

"कपडे," तो म्हणाला. "दान द्यायचेत म्हणून बायको कधीची घेऊन हिंडतेय."

मशीनने गाडीची माहिती वाचली आणि पडद्यावर नेहमीचा मजकूर आला. तो गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवायचा हा माझा नियम. "जुन्या सर्व किल्ल्या बाद होतील. पुढे जायचं?"

"म्हणजे जुनी सापडली तर?" डॅरिलने विचारलं.

"दार उघडेल. इंजिन चालणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

"आत बसता येईल, पण कुठे जाता येणार नाही." तो हे सावकाश म्हणाला, घास चावल्यासारखं. मग हसला. "झकास. दाबा."

मी दाबलं.

त्याने दोन किल्ल्या करून घेतल्या, दोन्ही जाकिटाच्या आतल्या खिशात टाकल्या आणि चेन लावली. पलीकडे त्याचा ट्रक उभा होता, त्याकडे निघाला.

"ही गाडी नेत नाही?" मी विचारलं.

"तिची ड्यूटी सुटली की बघू. आणि तिला काही बोलू नका हं. गंमत आहे. मला तिचा चेहरा बघायचाय."

दुपारी मी घरी जेवायला बसलो होतो. माझ्या बायकोने, इर्माने, माशाचं सूप केलं होतं, दूध आणि बटाटे घातलेलं. पावणेतीनला फोन वाजला. बाईचा आवाज होता, दबका आणि धापा टाकणारा.

"अहो, माझी गाडी चालू होत नाहीये. किल्ली फिरते, इंजिन लागतं आणि लगेच बंद पडतं. समोर किल्लीचं लाल चित्र लुकलुकतंय. साडेतीनला मुलीला शाळेतून घ्यायचंय. दुसऱ्या कुठल्या दिवशी असतं तर चाललं असतं. आज उशीर चालणारच नाही."

"कुठे आहात?"

तिने वृद्धाश्रमाचं नाव सांगितलं. चमचा माझ्या हातातच राहिला.

"काय झालं?" इर्माने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. पण तोवर मला माहीत झालं होतं.

ती गाडीपाशी उभी होती. तिशीची, बारीक, आश्रमाच्या गुलाबी कपड्यांवर कोट, डोक्यावर टोपी नाही. किल्ली मुठीत आवळून धरलेली. पुढे मला कळलं की तिचं नाव कोरिन.

"पहाटे सहाला याच किल्लीने आले मी!" मला बघताच ती म्हणाली. "घरून निघताना बर्फ झाडला, इथे वायर लावली, आत गेले. आता बघा."

पहिल्यांदा काय सांगायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. पण तोंडातून निघालं ते असं, "गाडी तुमच्या नावावर आहे का?"

"नवऱ्याच्या. पण चालवते मीच. का?"

"नवरा कुठे असतो?"

"खाणीवर. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे इकडे. आज सकाळच्या विमानाने गेला. अहो, का विचारताय? वेळ नाहीये मला."

मी टोपी काढली. त्या थंडीत कोणी टोपी काढत नाही. "बाई, सकाळी दहाला तो इथे होता. किल्ल्या हरवल्या म्हणाला. कागद दाखवला. मी त्याला दोन नव्या करून दिल्या. तुमची तेव्हाच बाद झाली."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही. तिने डिकीकडे पाहिलं.

"ही उघडली होती त्याने?"

"हो."

"मग संपलं," ती म्हणाली, आणि दाराचं हँडल धरून तिथेच बर्फात खाली बसली.

मी तिला उठवायला गेलो तर तिने हात झटकला आणि स्वतःच उठली. मग भराभर बोलायला लागली, माझ्याशी नाही, गाडीशी बोलावं तशी. विनिपेगला तिची बहीण. तीन आठवडे एकेक कपडा पिशवीत घालून डिकीत आणून ठेवला होता. त्याची खाणीवर जायची पाळी येण्याची वाट बघत होती. आज शाळा सुटली की मुलीला घ्यायचं आणि थेट पश्चिमेचा रस्ता धरायचा, मध्यरात्रीच्या आत बहिणीच्या दारात.

"त्याला कळलं कसं?" मी विचारलं.

"टेसाने विचारलं असणार. मावशीकडे मला वेगळी खोली मिळेल का म्हणून. सहा वर्षांची आहे. तिच्यापासून किती लपवणार?" मग एकदम माझ्याकडे वळून, "पण तुम्ही परत करू शकता ना? ही किल्ली पुन्हा ओळखवा गाडीला. येतं ना तुम्हाला?"

येत होतं. चाळीस मिनिटांचं काम. पण माझ्या तोंडात नियम बसलेला होता. "कागद त्याच्या नावाचा आहे, बाई. मालकाच्या सहीशिवाय... माझं लायसन्स जाईल."

"सकाळी त्याने कागद दाखवला, तेव्हा माझ्याबद्दल एक शब्द विचारलात?"

"नाही."

"ही गाडी रोज कोण चालवतं, किल्ली कोणाकडे असते, काही विचारलंत?"

"नाही."

"मग आता माझ्याकडे कसला कागद मागताय?"

तरीही मी तिथे उभा राहिलो, पाच मिनिटं, कदाचित सात. पुढे कळलं की त्या मिनिटांनी काही बिघडलं नव्हतं, बिघडायचं ते आधीच बिघडलं होतं. तरी ती मिनिटं अजून माझ्या छातीवर आहेत. शेवटी मी म्हटलं, "गाडीचं नंतर बघू. आधी शाळा. बसा व्हॅनमध्ये."

वाटेत तिने माझा फोन मागून घेतला. "माझा फोन तो तपासत असतो," म्हणाली. बहिणीला लावला. "ल्युबा, तो गेला नाही. हो. गाडी नाही. नाही, अजून नाही घेतली, शाळेतच चाललेय." एवढं बोलून तिने फोन मांडीवर ठेवला आणि शाळा येईपर्यंत पुढच्या काचेतून बघत राहिली. जेवणावरून घाईत उठताना सूप माझ्या हातावर सांडलं होतं, त्याचा वास व्हॅनमध्ये येत होता.

शाळा सुटत होती. फुगीर कपड्यांतली मुलं डुलत बाहेर पडत होती. मीही तिच्या मागोमाग आत गेलो. कार्यालयातल्या म्हाताऱ्या बाईंनी चष्मा वर केला.

"टेसा? तिला तर बाबा घेऊन गेले, एक वाजता. दाताच्या डॉक्टरकडे जायचंय म्हणाले. तुम्हाला सांगितलं नाही?"

"विसरला असेल," कोरिन म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "जाताना काही म्हणाली का ती?"

"छे, खूश होती! बाबा गेलेच नाहीत म्हणून नुसत्या उड्या मारत होती."

बाईंचं काही चुकलं नव्हतं. शाळेच्या कागदावर बापाचं नाव होतं.

व्हॅनमध्ये परत बसल्यावर मी पोलिसांना फोन लावला आणि तिच्या हातात दिला. तिकडचा माणूस सज्जन होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"कोर्टाचा काही कागद आहे का, ताई? मुलगी कोणाकडे राहावी असा?"

"नाही."

"मग ती तिच्या बापाबरोबर स्वतःच्या घरी आहे. यात आम्ही शिरणार कुठून? त्याने आज हात उचललाय का?"

"आज नाही."

"तुम्हाला भीती वाटत असेल तर आमचा माणूस घरी पाठवतो."

"पाठवा. तो दार उघडेल, हसेल, तुमच्या माणसाला कॉफी देईल. आणि तुमचा माणूस गेल्यावर?"

मग त्याने बायकांच्या आश्रयघराचा नंबर सांगितला. तिने तो लिहून घेतला नाही.

"आमच्या घरी चला," मी म्हटलं. "इर्मा आहे. उद्या सकाळी वकील गाठू. मी येतो बरोबर."

"आणि टेसा?"

"तिला... कोर्टातून..."

"ती रात्री तिथे, आणि मी तुमच्याकडे सूप पिऊ?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने पाहिला आणि माझ्यापुढे धरला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मुलगी बसलेली, पुढ्यात धिरड्यांची चळत, हनुवटीला पाक लागलेला, तोंडभर हसू. खाली त्याने लिहिलं होतं, 'आम्ही वाट बघतोय. गाडीने त्रास दिला तर चालत ये. घाई नाही.'

"सोडा मला घरी," ती म्हणाली.

"बाई, असं करू नका."

"तुम्हाला मुलं आहेत?"

"नाही."

"मग बोलू नका."

तिच्या सांगण्यावरून मी व्हॅन गल्लीच्या तोंडाशी थांबवली. तिथून घर दिसत होतं. निळ्या पत्र्याचं, अंगणात त्याचा ट्रक. तिने दार उघडून मूठभर बर्फ उचलला, डोळ्यांवर दाबला, बाहीने पुसला. मग माझा आरसा आपल्याकडे वळवला आणि केस बांधले. दोन-तीनदा तोंड हसरं करून बघितलं. कुठलंच पसंत पडेना.

"कशी दिसतेय?"

"दमलेली."

"तेवढं चालतं. कामावरून आलेय ना."

"मी येतो दारापर्यंत."

"नको. तुम्हाला बघितलं तर मी कोणाकोणाला सांगितलं ते विचारत बसेल. आणि ते विचारणं..." तिने वाक्य पुरं केलं नाही. "तुमच्यावर राग नाही माझा. धरायला हवा. नंतर धरेन, आत्ता जमत नाहीये."

ती चालत गेली, बर्फ रस्त्याच्या कडेला कमरेएवढा रचलेला, त्यातून. ती फाटकापाशी पोचायच्या आतच दार उघडलं आणि मुलगी नुसत्या पायमोज्यांवर पायरीवर धावत आली. कोरिनने तिला उचलून घेतलं, इतकं घट्ट की मुलीचे पाय हवेत झाडले गेले. मागे चौकटीला हात टेकून तो उभा होता. त्याला गल्लीच्या तोंडाशी माझी व्हॅन दिसली. तिच्यावर माझं नाव मोठ्या अक्षरांत आहे. त्याने हात वर केला, ओळखीच्या माणसाला करावा तसा. मग तिघं आत गेली आणि दार लागलं.

मी तिथे अर्धा तास बसलो. ऐकू काहीच आलं नाही. इतक्या थंडीत खिडक्या घट्ट असतात, ऐकू येणारही नव्हतं.

घरी आल्यावर इर्माला सगळं सांगितलं.

"कागद बरोबर होते ना?" तिने विचारलं.

"होते."

"मग तू काय करणार होतास? तू किल्ल्या करतोस. लोकांच्या मनात शिरून बघायचं मशीन थोडंच आहे तुझ्याकडे."

"टपावर बर्फ नव्हता, इर्मा. मला दिसलं होतं."

ती माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, मग तिने जाऊन सूप ओतून टाकलं.

संध्याकाळी मीच पोलिसांना पुन्हा फोन केला. त्यांनी माणूस पाठवला. तासाभराने तोच सज्जन आवाज म्हणाला, "सगळं ठीक आहे. बाई स्वतः दारात आल्या. गैरसमज झाला होता म्हणाल्या. मुलगी झोपली होती." मी विचारलं, चेहरा कसा होता? तो म्हणाला, "दारात उजेड कमी होता."

दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन वृद्धाश्रमाच्या आवारात गेलो. लायसन्स जायचं तर जावो, असं रात्रीच ठरवलं होतं. गाडी नव्हती. पुढच्या आठवड्यात आश्रमात चौकशी केली, तर तिने काम सोडलं होतं. नवऱ्याने फोन करून कळवलं, तब्येत बरी नसते म्हणून. एप्रिलमध्ये बर्फ वितळायला लागला तेव्हा त्या निळ्या घराच्या खिडक्यांवर पडदे नव्हते. शेजारच्या बाई म्हणाल्या, पश्चिमेला कुठेतरी गेले, त्याला दुसऱ्या खाणीवर काम मिळालं. माणूस फार लाघवी होता, जाताना बर्फ काढायचं मशीन आम्हाला देऊन गेला. बायको मात्र शिष्ट, निरोप घ्यायलाही गाडीतून उतरली नाही.

मेमध्ये मला विनिपेगहून फोन आला. ल्युबा. कोरिनने माझ्या फोनवरून तिला लावलं होतं, तो नंबर तिने जपून ठेवला होता. बहिणीचा फोन बंद, पत्राला उत्तर नाही, नवऱ्याच्या घरचे म्हणतात मजेत आहेत.

"तुम्ही कोण?" तिने विचारलं. "त्या दिवशी ती तुमच्या फोनवरून का बोलली?"

मी सांगितलं. काही वगळलं नाही. ती शिव्या देईल म्हणून वाट बघत होतो. ती म्हणाली, "तिने काय घातलं होतं?"

मी सांगितलं. गुलाबी कपडे, करडा कोट, टोपी नाही.

"टोपी नाही," ती म्हणाली. "लहानपणापासून अशीच."

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती फोन करायची. मला काही कळलंय का विचारायची. पोलिसांत नोंद केली होती, पण प्रौढ बाई नवऱ्याबरोबर दुसऱ्या गावी राहायला गेली, याला हरवणं म्हणत नाहीत. पत्ता मिळायला काही मार्ग असेल का, गाडीच्या नंबरावरून? मी तीन ठिकाणी विचारलं. मालकाच्या परवानगीशिवाय सांगता येत नाही, असं तिन्हीकडे उत्तर मिळालं. मी तिला ते तसंच सांगितलं.

काम मी सोडलेलं नाही. उणे तीसमध्ये माणसं अडकतात, कोणीतरी जायला लागतं. आता मी विचारतो, ही गाडी आणखी कोण चालवतं? काही लोक चिडतात. बाकीचे सांगतात, कोणी नाही, मीच एकटा, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहतो, आणि मला काहीही कळत नाही. मग मी मशीन जोडतो.

ल्युबाचा फोन सप्टेंबरपासून आलेला नाही. मीही करत नाही. करून तिला काय सांगणार?